पट्ट्या त्याच, पाठ वेगळा

स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांच्या पियानो-शिक्षणाबद्दल मराठवाड्यातल्या पालकांनी आणि शिक्षकांनी बरीच पत्रं पाठवली. त्यांतल्या आठ पत्रांना इथे उत्तरं दिली आहेत. खरा पियानो आपल्याकडे मोजक्याच ठिकाणी आहे. बहुतेक घरांत आणि क्लासमध्ये ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड असतो आणि शेजारी हार्मोनियम, म्हणून उत्तरं त्यांनाच धरून लिहिली आहेत.

माझं लेकरू आठ वर्षांचं आहे, स्वमग्न आहे. दोन-तीन शब्दच बोलतं. घरी काकाच्या कीबोर्डवर एकच पट्टी अर्धा-अर्धा तास दाबत बसतं आणि खूश असतं. क्लासला नेलं तर पाच मिनिटांत उठून पळालं. सर म्हणाले, "आधी याला बसायला शिकवा, मग आणा." सुरुवात कुठून करावी?
— एक आई, सेलू

ताई, जे लेकरू अर्धा तास कीबोर्डपुढे असतं, त्याला बसता येतं. क्लासमध्ये ते उठलं, म्हणजे तिथे त्याला नको असलेलं काहीतरी होतं. ते शोधणं हे शिकवणाऱ्याचं पहिलं काम आहे आणि ते नीट केलं की निम्मी अडचण तिथेच सुटते. पंख्याची घरघर, लुकलुकणारी ट्यूब, उदबत्तीचा वास, शेजारच्या खोलीतला तबला, यांपैकी काहीही असू शकतं. पत्र्याची खोली असेल तर एप्रिल-मे महिन्यांत दुपारच्या शिकवणीचा विचारच सोडा. सकाळी साडेसातची वेळ मागून घ्या.

पहिली भेट शिकवणीची नको. आदल्या दिवशी फाटक, जिना, खोली, कीबोर्ड आणि सरांचा चेहरा असे पाच फोटो मोबाइलवर दाखवा. इतर मुलं नसतील अशा वेळी न्या, दहा मिनिटं थांबा आणि लेकरू कंटाळायच्या आत परत या. अशा दोन-तीन भेटी झाल्यावर पाठ सुरू करा. पाठ पंधरा मिनिटांचा, आठवड्यातून तीनदा. आठवड्यातून एकदा पाऊण तास बसवण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं, कारण सहा दिवसांच्या खंडानंतर खोली पुन्हा अनोळखी होते.

पाठाचा क्रम डोळ्यांना दिसला पाहिजे. जाड पुठ्ठ्याची हाताच्या तळव्याएवढी पाच चित्रकार्डं करा: नमस्कार, काळ्या पट्ट्या, नवा तुकडा, आवडीचं, टाटा. ती व्हेलक्रोनं एका लांब पुठ्ठ्यावर लावा. एक भाग झाला की लेकरानं स्वतः कार्ड काढून "झालं" लिहिलेल्या डब्यात टाकायचं. क्रम रोज तोच ठेवा. बदल करायचाच असेल तर पाठ सुरू होण्याआधी कार्ड बदलून दाखवा, मधेच नको. शेवट कधी होणार हे दिसत असलं की उठून पळण्याचं कारण उरत नाही.

आता त्याच्या त्या एका पट्टीबद्दल. ती सोडवू नका, तिथूनच शिकवा. समजा ती पांढरी ५ आहे, म्हणजे सप्तकातली पाचवी पांढरी पट्टी, पाश्चात्त्य नावानं जी. सरांनी शेजारी बसून खालच्या सप्तकात सी मेजर, मग ई मायनर, मग जी मेजर असे कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवायचे तीन-तीन सूर, वाजवावेत. तिन्ही कॉर्डमध्ये जी आहे, त्यामुळे लेकराचा सूर कुठेच चुकीचा ठरत नाही आणि बघता बघता त्याचं गाणं होतं. चार-पाच फेऱ्यांनंतर सरांनी एकदम थांबावं, हात मांडीवर ठेवावेत, काही बोलू नये. लेकरानं पट्टी दाबली की लगेच पुढचा कॉर्ड द्यावा. आपण वाजवलं की समोरचा वाजवतो, हे त्याला एकही शब्द न बोलता कळतं. दोघांनी मिळून वाजवण्याचा हा पहिला धडा.

बोलणं कमी ठेवा. एक सूचना द्या आणि मनात दहापर्यंत मोजा. बहुतेक जण दोन सेकंदांत तीच सूचना वेगळ्या शब्दांत देतात, मग मुलाला ऐकलेलं पुन्हा पहिल्यापासून जुळवावं लागतं. सूचना शब्दशः खरी हवी. "बोटं गोल कर" म्हटलं की काही मुलं मूठ आवळतात. त्याऐवजी तळहातात एक लिंबू द्या, ते धरलेल्या आकारात हात पट्ट्यांवर ठेवू द्या आणि लिंबू काढून घ्या. "वाजवतोस का?" विचारल्यावर त्यानं "वाजवतोस का?" असंच म्हटलं, तर तो चेष्टा करत नाही. कित्येकदा त्याचा अर्थ "हो" असतो.

मुलाचं बोट धरून पट्टीवर दाबू नका. न सांगता झालेला स्पर्श अनेक स्वमग्न मुलांना खरोखर टोचतो, आणि दाबलेल्या बोटानं हात काहीच शिकत नाही. आधी शेजारच्या सप्तकात स्वतः वाजवून दाखवा. जमलं नाही तर पट्टीकडे बोट दाखवा, तरीही नाही तर पट्टीवर छोटी खूण लावा. अगदी शेवटी तुमचा हात खाली आणि त्याचा वर, तेही त्यानं आपणहून ठेवला तर.

पाय लोंबकळत असतील तर विटा किंवा पाट ठेवून टेकवा. पायांना आधार नसला की मूल सारखं सरकत राहतं आणि आपण म्हणतो, बसत नाही. कात्रीसारखा दुमडणारा स्टँड हलतो, त्यापेक्षा भक्कम टेबल बरं. मांडी घालून बसायची सवय असेल तर कीबोर्ड चौरंगावर ठेवा. कोपर पट्ट्यांच्या पातळीत आलं पाहिजे, एवढंच बघा. आणि उभं राहून वाजवायचं असेल तर वाजवू द्या. डोलणं, हात फडफडवणं थांबवू नका, त्यातूनच ते स्वतःला सावरत असतं.

बारा वर्षांच्या स्वमग्न मुलासाठी कीबोर्ड घ्यायचा आहे. काय बघावं?
— लातूर

पट्ट्या पूर्ण आकाराच्या हव्यात. पियानोची पांढरी पट्टी साधारण साडेतेवीस मिलिमीटर रुंद असते आणि एक सप्तक साडेसोळा सेंटिमीटरचं. लहान पट्ट्यांचा स्वस्त कीबोर्ड घेतला तर हाताला चुकीचं अंतर पाठ होतं. नेमकेपणावर भिस्त असलेल्या मुलाला ते नंतर बदलणं फार जड जातं. जोरात दाबल्यावर मोठा आणि हळू दाबल्यावर लहान आवाज देणारा, म्हणजे टच रिस्पॉन्स असलेलाच घ्या.

घरी आणल्यावर तीन गोष्टी करा. एक, आपोआप बंद होण्याची सोय माहितीपुस्तिका बघून बंद करा. बऱ्याच कीबोर्डवर काही वेळ पट्टी दाबली नाही तर वीज आपोआप जाते, मूल परत येऊन पट्टी दाबतं आणि आवाजच येत नाही. हे न समजल्यामुळे किती रडारड होते, याची मोठ्यांना कल्पना नसते. दोन, डेमो आणि ठेक्याची बटणं पुठ्ठ्यानं झाका, नाहीतर चुकून हात लागला की एकदम ढोल-ताशे सुरू होतात. तीन, सेल घालून ठेवा. वीज गेली तरी कीबोर्ड वाजवता येईल. मात्र कीबोर्ड बंद होऊन पुन्हा सुरू झाला की निवडलेल्या वाद्याचा आवाज जाऊन मूळचाच आवाज येतो, हे मुलाला एकदा करून दाखवा.

दहा वर्षांची विद्यार्थिनी कीबोर्डवर पांढरी १ वरून उत्तम वाजवते. पण भजनाच्या वेळी मी काळी १ चा सा धरला की कान झाकते आणि "चूक, चूक" ओरडते. हा हट्ट कसा मोडू?
— हार्मोनियम व कीबोर्ड शिक्षक, नांदेड

मोडू नका, तिचं म्हणणं तिच्या जागी बरोबर आहे. तुम्ही तिला पांढरी १ ला सा म्हणायला शिकवलंत. तिच्या लेखी सा हे त्या एका आवाजाचं नाव झालं. आता दुसऱ्याच आवाजाला तुम्ही तेच नाव देताय. बाहेरचा आधार न घेता सूर नेमका ओळखण्याची ही शक्ती एरवी दुर्मीळ आहे, स्वमग्न व्यक्तींमध्ये ती जास्त वेळा आढळते. खात्री करायची असेल तर तिला पाठमोरी उभी करा, वेगवेगळ्या दहा पट्ट्या एकेक करून वाजवा आणि ती वळून कुठली पट्टी शोधते ते बघा. पण यावरून तिला "जन्मजात कलाकार" ठरवू नका. सूर ओळखणं वेगळं, बोटं, ताल, वाचन वेगळं. ते सगळं तिला इतरांसारखंच शिकावं लागेल.

उपाय असा की प्रत्येक पट्टीला एक कायमचं नाव द्यायचं आणि सा-रे-ग-म हे फिरतं नाव ठेवायचं. पांढरी १, काळी १, पांढरी २ हे कायमचं, ते कधी बदलणार नाही असा शब्द द्या आणि तो पाळा. फिरत्या नावांसाठी साडेसोळा सेंटिमीटर लांबीचा पुठ्ठा कापा, त्याच्यावर बारा समान चौकोन आखा. प्रत्येक चौकोन चौदा मिलिमीटरला किंचित कमी येईल. पहिल्या चौकोनात सा, मग तिसऱ्यात रे, पाचव्यात ग, सहाव्यात म, आठव्यात प, दहाव्यात ध, बाराव्यात नी. हा पुठ्ठा पट्ट्यांच्या मागच्या कडेला, काळ्या-पांढऱ्या पट्ट्या आत शिरतात तिथे ठेवा. तिथे बाराही पट्ट्यांना जवळजवळ सारखीच जागा असते, म्हणून चौकोन नीट जुळतात. आता पुठ्ठा एक घर सरकवला की सा काळी १ वर आला. पट्टी हलली नाही, नाव हललं. हे डोळ्यांनी दिसलं की ओरडा बराच कमी होतो. तरी पहिले काही आठवडे "आता सा सरकणार" असं आधी सांगून, मगच वाजवा.

दोन गोष्टी मात्र कटाक्षानं पाळा. कीबोर्डवरचं ट्रान्सपोजचं बटण या मुलीसमोर कधीही वापरू नका. त्यात बोट पांढरी १ वर असतं आणि आवाज काळी १ चा येतो. तिच्यासाठी हे पट्टीनं खोटं बोलण्यासारखं आहे. रोज सुरुवातीला तो आकडा शून्यावर आहे ना, बघून घ्या. दुसरं, जुनी हार्मोनियम कीबोर्डच्या ठरलेल्या सुराशी (ए म्हणजे ४४० हर्ट्झ) पुष्कळदा जुळत नाही. दोन्ही एकत्र वाजली की आपल्याला चालून जातं, तिला नाही. कीबोर्डच्या ट्यूनिंगमध्ये जाऊन तो हार्मोनियमशी मिळवून घ्या, आणि तेही जमत नसेल तर एका वेळी एकच वाद्य वाजवा.

बारा वर्षांची मुलगी, एक जरी सूर चुकला तरी पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. दहावेळा असं झालं की स्वतःला मारून घेते. काय करू?
— शिक्षिका, बीड

तिनं गाणं एका अखंड साखळीसारखं पाठ केलं आहे. कडी तुटली की मधून धरायला तिच्याकडे जागाच नाही, म्हणून ती सुरुवातीला जाते. पहिले चार ठेके शंभरदा वाजतात आणि शेवट कच्चाच राहतो, त्यामुळे चुकाही नेहमी तिथेच. "चुकलं तर चालतं गं" म्हणून उपयोग नाही, तिला चालत नाही.

गाण्याला स्टेशनं द्या. चार-चार मात्रांचे सहा तुकडे पाडा आणि प्रत्येकाच्या सुरुवातीला आपल्या रेल्वेमार्गावरचं नाव लिहा: परतूर, सेलू, मानवत रोड, परभणी, पूर्णा, नांदेड. काही मुलांना स्टेशनांचा क्रम तोंडपाठ असतो, तिला नसेल तर तिच्या आवडीची दुसरी कुठलीही रांग घ्या. मग शेवटून शिकवा. पहिल्या दिवशी फक्त नांदेड. ते पक्कं झालं की पूर्णा ते नांदेड. असं मागे मागे येत गेलं की प्रत्येक वेळी ती अनोळखीकडून ओळखीच्या तुकड्यात शिरते आणि गाणं दर वेळी पूर्ण होतं. पंधरा दिवसांनी खेळ करा: चिठ्ठी उचलायची आणि त्या स्टेशनातून गाडी सोडायची. पुढे चूक झाली तर नियम एकच, मागच्या स्टेशनात जायचं, परतूरला नाही. हा नियम कार्डावर लिहून समोर लावा. लिहिलेला नियम तोंडी समजावणीपेक्षा जास्त टिकतो.

ती स्वतःला मारायला लागली तर त्या क्षणी शिकवणं संपलं. आवाज बंद करा, दिवा मंद करा, बोलू नका, धरू नका, फक्त डोक्याला इजा होणार नाही अशी उशी मधे सरकवा. घरच्यांना गोळा करू नका. शांत झाल्यावर "का केलंस?" विचारू नका आणि उरलेला पाठ पूर्णही करून घेऊ नका. असं वारंवार होत असेल तर तिच्या डॉक्टरांना सांगायलाच हवं. दात किंवा कान दुखत असला तरी काही मुलं ते याच रीतीनं दाखवतात.

नोटेशनचं पान समोर ठेवलं की मुलगा बघतच नाही. रंगीत स्टिकर लावावेत का?
— परभणी

आधी पान सोपं करून बघा. एका पानावर एकच ओळ, ए-फोरवरून ए-थ्री म्हणजे १४१ टक्के मोठी झेरॉक्स, फिक्या पिवळ्या कागदावर. पुठ्ठ्याला खिडकी कापून एकावेळी एकच तुकडा दिसू द्या. पुष्कळांचं एवढ्यावर भागतं.

रंग वापरायचे तर पद्धतीनं. फिनलंडमध्ये १९९० च्या दशकात विकसित झालेल्या फिगरनोट्स या रंगीत नोटेशनमध्ये सी लाल, डी तपकिरी, ई राखाडी, एफ निळा, जी काळा, ए पिवळा, बी हिरवा असतो आणि कुठलं सप्तक हे फुली, चौकोन, गोल, त्रिकोण अशा आकारांवरून कळतं. कागदावरची खूण आणि पट्टीवरची खूण हुबेहूब सारखी, म्हणून मधे काही लक्षात ठेवावं लागत नाही. स्वतःचे रंग ठरवलेत तरी चालेल, पण घरी आणि क्लासमध्ये तेच हवेत. स्टिकर पट्टीच्या मागच्या भागात लावा. पुढे लावला की बोटाला कड लागते आणि मूल पाठ सोडून तो खरवडत बसतं.

पियानो शिकून माझी मुलगी बोलायला लागेल का? एकानं खात्री दिली आहे.
— एक वडील, हिंगोली

अशी खात्री कोणी देऊ शकत नाही. नऊ देशांतल्या ३६४ स्वमग्न मुलांवर संगीतोपचाराची एक मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. नेहमीच्या उपचारांना संगीताची जोड दिल्यावर पाच महिन्यांनी स्वमग्नतेच्या लक्षणांत लक्षणीय फरक दिसला नाही. वाणी-उपचार चालू ठेवा आणि पियानो पियानोसाठी शिकवा. तिला तो आवडतो, एवढं कारण पुरेसं आहे, जसं ते इतर कुठल्याही मुलीसाठी असतं.

ग्रेडच्या परीक्षेला स्वमग्न विद्यार्थ्याला सवलत मिळते का?
— अंबाजोगाई

ट्रिनिटी आणि एबीआरएसएम ही संगीताच्या परीक्षा घेणारी लंडनची दोन्ही मंडळं जादा वेळासारख्या सोयी देतात. अर्ज भरतानाच, कागदपत्रांसह मागायच्या, ऐनवेळी मिळत नाहीत. गुण देण्याचे निकष मात्र सर्वांना सारखेच. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये स्वमग्नतेचा समावेश आहे, त्यामुळे जिल्हा रुग्णालयातून प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) काढून ठेवा, शाळेतही लागतं.

प्रवास आणि अनोळखी परीक्षक नको असतील तर व्हिडिओवरची परीक्षा बघा. एबीआरएसएमच्या परफॉर्मन्स ग्रेडमध्ये चार रचना एका सलग चित्रीकरणात वाजवायच्या असतात. स्केल, नवं नोटेशन बघताच वाजवणं, सूर ऐकून ओळखण्याच्या चाचण्या त्यात नाहीत. मोबाइलचा स्टँड महिनाभर आधीपासून प्रत्येक पाठाला त्याच जागी उभा ठेवा, म्हणजे त्या दिवशी तो नवा वाटणार नाही.

१७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाच्या कार्यक्रमात आमचा सातवीतला स्वमग्न विद्यार्थी कीबोर्ड वाजवणार आहे. गेल्या वर्षी ध्वनिक्षेपक सुरू होताच तो पळून गेला होता. या वेळी काय काळजी घ्यावी?
— वर्गशिक्षक, जालना

आधी त्याला वाजवायचं आहे का, हे त्याच्याकडून कळू द्या. आणि ऐनवेळी "नाही" म्हणता येईल असं एक कार्ड त्याच्या खिशात असू द्या. परतीची वाट आहे हे माहीत असलं की पुढे जाणं सोपं होतं.

गेल्या वर्षीचा दोष बहुधा माइकचा. कीबोर्डच्या स्पीकरसमोर माइक ठेवला की मोठ्या बॉक्समधला आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो आणि कर्कश शिट्टी वाजते. माइक नको, कीबोर्डच्या हेडफोनच्या जागेतून वायर थेट मिक्सरला द्या. पण इथे दुसरी अडचण येते. ती वायर घातली की बहुतेक कीबोर्डचा स्वतःचा आवाज बंद होतो आणि मुलाला आपला सूर लांबच्या बॉक्समधून ऐकू येतो. बॉक्स दहा मीटरवर असेल तर सूर सुमारे तीस मिलिसेकंद उशिरा पोचतो. आपण दुर्लक्ष करू शकतो, पण नेमक्या कानाचा मुलगा गोंधळतो आणि हात थांबवतो. म्हणून एक छोटा स्पीकर त्याच्या शेजारी, दोन मीटरच्या आत, हळू आवाजात लावायला साउंडवाल्याला सांगा.

तालीम त्याच जागी तीनदा घ्या: एकदा रिकाम्या मैदानात, एकदा एका वर्गासमोर, एकदा साउंड लावून. मंचाच्या पायऱ्या किती, खुर्ची कुठली, उतरायचं कुठून, हे सगळं त्यानं करून बघितलेलं असावं. ध्वजवंदन झाल्याबरोबर पहिला कार्यक्रम त्याचाच ठेवा, पाहुण्यांच्या भाषणांनंतर नको. पाहुणे उशिरा येणार असतील तरी त्याची वेळ हलवू नका. त्याची पाळी येईपर्यंत कानांवर आवाज रोखणारे हेडफोन राहू द्यात. राष्ट्रगीत ५२ सेकंदांचं असतं, हे त्याला आधी सांगितलं तर तेवढा वेळ तो मोजत उभा राहू शकतो.

टाळ्यांऐवजी दोन्ही हात वर करून हलवायचे, हे मुलांना आदल्या दिवशी परिपाठात शिकवा. मुलं पटकन शिकतात, पुढच्या रांगेतल्या मान्यवरांना मात्र वेगळं सांगावं लागेल. आणि साउंडवाल्याला बजावा की मुलगा मंचावरून उतरून वर्गात पोचेपर्यंत कीबोर्डची वायर उपटायची नाही. मिक्सरचा आवाज खाली न आणता वायर काढली की बॉक्समधून बार उडाल्यासारखा आवाज होतो, आणि पुढच्या वर्षी तो मंचाच्या जवळही येणार नाही.